अस्वलाच्या शिकारीला जाऊ का?

प्रश्न: मी ब्रॅम्प्टनला राहतो, मूळचा पुण्याचा. ऑफिसातले तिघे येत्या मे महिन्यात ब्रिटिश कोलंबियात गाइडबरोबर काळ्या अस्वलाच्या शिकारीला निघालेत, मलाही चल म्हणतात. मी आजवर बंदूक हातात धरलेली नाही. बायको म्हणते, वसंतातल्या शिकारीत पिल्लांच्या आया मरतात. आईनं फोनवर एवढंच विचारलं, "जांबुवंताला मारणार का रे?" जावं का? आणि गेलोच तर कातडं पुण्याच्या घरी नेता येईल का?
— एक वाचक

उत्तर: तुमच्या बायकोची शंका सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मी ब्रिटिश कोलंबियातल्या प्रिन्स जॉर्जला राहतो आणि गेली सहा वर्षं वसंतात एका शिकारी तळावर स्वयंपाकाला जातो. मूळ गाव आरमोरीकडचं. मोहफुलं वेचायला गेलेल्या माझ्या चुलत्यांचा अर्धा चेहरा अस्वलानं ओरबाडला होता, तो मी लहानपणी रोज पाहिला. तरी मी स्वतः अस्वलावर कधी बार टाकलेला नाही. टाकणाऱ्यांना मात्र जवळून पाहिलंय.

इथला कायदा स्पष्ट आहे. दोन वर्षांच्या आतलं पिल्लू मारायचं नाही आणि अशा पिल्लाच्या सोबत असलेलं कोणतंही अस्वल मारायचं नाही. अडचण 'सोबत' या शब्दात आहे. पिल्लं जानेवारीच्या सुमारास गुहेत जन्मतात आणि वसंतात आईमागून बाहेर पडतात. धोका वाटला की आई त्यांना झाडावर चढवते आणि कधी कधी खाली एकटीच चरत राहते. शंभर मीटरवरून तुम्हाला दिसतं ते एकटं अस्वल. म्हणजे कायदा पाळणं हे शेवटी बघणाऱ्याच्या डोळ्यांवर आणि धीरावर येतं.

दोन वर्षांपूर्वीची मेअखेरची संध्याकाळ सांगतो. त्या दिवशी एक माणूस कमी होता म्हणून गाइडनं मला दुर्बीण धरायला सोबत नेलं होतं. लाकूडतोडीचा जुना, बंद पडलेला रस्ता. दोन्ही कडांना क्लोव्हर आणि डँडेलियन उगवलेलं. वसंतात अस्वलं अशाच ठिकाणी येतात, कारण बर्फ आधी वितळून हिरवं पहिल्यांदा तिथं फुटतं. वळणावर एक अस्वल अगदी गाईसारखं मान खाली घालून चरत होतं. वारा आमच्याकडे वाहत होता. पाहुणा, म्हणजे पैसे भरून शिकारीला आलेला माणूस, रायफल टेकवून पालथा पडला. त्याची ती शेवटची संध्याकाळ होती, आदल्या पाच दिवसांत बार टाकण्याजोगं काही मिळालं नव्हतं.

गाइड हळूच म्हणाला, थांब. मग दुर्बिणीतून तो अस्वलाकडे बघेचना, मागच्या स्प्रूसच्या झाडांकडे बघत राहिला. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली, पंचवीस गेली. डास कानाशी गुणगुणत होते आणि पाहुण्याच्या मानेवर एक बसलेला मला दिसत होता, पण हलायची सोय नव्हती. साधारण चाळिसाव्या मिनिटाला एका स्प्रूसची फांदी हलली. मोठ्या बोक्याएवढं एक काळं पिल्लू मागचे पाय आधी, असं घसरत खाली आलं आणि आईच्या पोटाखाली शिरलं. पाठोपाठ दुसरं. गाइडनं पाहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला. पाहुण्यानं रायफलमधली गोळी काढली आणि हात थरथरत असल्यामुळे ती गवतात पाडली. अंधार पडेपर्यंत आम्ही तिघे ती गोळी शोधत होतो.

पैसे भरलेला माणूस रिकाम्या हातानं घरी गेला. गाइड कशासाठी घ्यायचा ते मला त्या दिवशी कळलं. लोक समजतात, जनावर शोधून द्यायला. शोधणं सोपं आहे हो! ब्रिटिश कोलंबियात एक लाख वीस हजार ते दीड लाख काळी अस्वलं असल्याचा सरकारी अंदाज आहे. 'नाही' म्हणणारा माणूस हवा असतो.

आणि बायकोचं म्हणणं हवेतलं नाही. ओंटॅरिओनं, म्हणजे तुमच्याच प्रांतानं, 1999 मध्ये वसंतातली शिकार बंद केली तेव्हा अनाथ होणारी पिल्लं हेच मोठं कारण पुढे आलं होतं. 2014 पासून ती टप्प्याटप्प्यानं परत सुरू झाली. तिकडे आमिष टाकून अस्वल बोलावायला परवानगी आहे, ब्रिटिश कोलंबियात नाही. इथं चालत जा, बसा, बघा. मला हेच बरं वाटतं.

आता तुमचं. बंदूक हातात धरलेली नाही म्हणता, तर या मे महिन्यात बार टाकायचा विचार सोडा. बंदुकीच्या परवान्यासाठी आधी सुरक्षिततेचा कोर्स, मग अर्ज आणि पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला किमान 28 दिवस थांबावंच लागतं. शिकारीचं शिक्षण वेगळं. बाहेरच्या प्रांतातून आलेल्याला मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी परवानाधारक गाइड लागतो, किंवा तशी रीतसर परवानगी काढलेला इथला रहिवासी. हे सगळं जमेलही. पण नेमबाजीच्या रेंजवर कागदाला नेम लावणं आणि चरत्या जनावराच्या पुढच्या पायामागे, त्यानं नेमकी कूस दिली असताना गोळी घालणं यात फार अंतर आहे. अस्वलाचे दाट केस आणि चरबी रक्त शोषून घेतात, माग जमिनीवर नीट उमटत नाही. जखमी अस्वलामागे रात्री अल्डरच्या झुडपांत शिरलेला गाइड परत येईपर्यंत मी चुलीवरचं पाणी तीनदा उकळलंय. ती रात्र तुमच्यामुळे कुणावर येऊ नये.

इथं ग्रिझली नावाची अस्वलाची दुसरी, मोठी जातही आहे. ग्रिझली कोणती आणि काळं कोणतं हेही ओळखता यायला हवं. काळं अस्वल तपकिरी असू शकतं, म्हणून रंगावर जाऊ नका. खांद्यावरचा उंचवटा, खोलगट चेहरा आणि लांब नखं दिसली की ग्रिझली. तिची परवान्यावरची शिकार इथं डिसेंबर 2017 पासून बंद आहे.

माझं मत विचाराल तर शिकार न करणारा सोबती म्हणून जा. बरेच आउटफिटर, म्हणजे शिकारीच्या सहली काढणारे, कमी पैशांत असा माणूस घेतात. पण मेलेलं जनावर दिसलं की तोंड फिरवू नका. सोललेलं अस्वल माणसासारखं दिसतं. हाताचे पंजे, खांदे, आडवं पडलेलं धड. पहिल्या वर्षी मी तंबूमागे जाऊन बसलो होतो. आमच्याकडे मोहाच्या दिवसांत अस्वलाला 'तो' म्हणत, नाव घेत नसत, ते त्या वेळी आठवलं. तुमच्या आईंना जांबुवंत आठवला तो अगदी बरोबर आठवला. त्यांना खोटं काही सांगू नका.

मांस इथं टाकून देता येत नाही, खाण्याजोगं मांस बाहेर काढणं कायद्यानं बंधनकारक आहे. मी ते कांदा-लसूण मसाल्यात तीन-साडेतीन तास शिजवतो. चव भरड, थोडी डुकराच्या मांसाजवळ जाणारी. आत थर्मामीटर खुपसून 74 अंश झाल्याशिवाय कुणाच्या ताटात वाढत नाही, कारण अस्वलाच्या मांसात ट्रिकिनेला नावाचे जंत असू शकतात आणि त्यांच्या काही जाती फ्रीझरमध्येही मरत नाहीत. कुणी आतून गुलाबी मागितलं तर सरळ नाही म्हणतो. ज्याच्या घरात हे मांस शिजणार नाही, त्यानं बार टाकू नये असं मला मनापासून वाटतं. तुमच्या घरचं तुम्ही ठरवा.

कातड्याचं: पुण्याला नेऊ नका. काळं अस्वल वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, कॅनडातून बाहेर न्यायलाच परवाना लागतो आणि पलीकडे भारताचा वन्यजीव कायदा आहे. सामानात गुंडाळून नेण्याची ही वस्तू नव्हे. पित्ताशय कुणी 'औषधाला घे' म्हणून दिलं तर हातही लावू नका, ते इथं जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे.

तुमच्या मित्रांनी अजून पैसे भरले नसतील तर गाइडला फोन करून एकच विचारायला सांगा: एकटं अस्वल दिसलं तर बार टाकू देण्याआधी तू किती वेळ बघतोस? उत्तर ऐकून मग तिकिटं काढा. आणि दुर्बीण स्वतःची न्या, तळावरच्या उधारीच्या दुर्बिणींच्या काचा घासलेल्या असतात.