आधी तो दुसरा हप्ता थांबवा

कोथरूडच्या एका वाचकांचं पत्र थोडक्यात असं. वय 57, मार्चमध्ये निवृत्ती, पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून 40 लाखांच्या आसपास मिळतील. गाडी 2012 ची पेट्रोल हॅचबॅक. दारांच्या खालच्या कडांना आणि मागच्या चाकावरच्या पत्र्याला गंज आहे. गॅरेजवाल्याने पूर्ण रंग आणि खालून ‘लाइफटाइम’ अँटी-रस्ट कोटिंग असे 70 हजार सांगितले. ‘इन्शुरन्समध्ये बसवून बघतो’ असंही तो म्हणाला. गाडीला बाजारात सव्वा लाख येतील. ‘हातात रोख नाही, कारण मागच्या वर्षी बँकेतल्या मॅडमनी एफडी मोडून एफडीसारख्याच गॅरंटीड योजनेत दीड लाख भरायला सांगितले आणि पुढच्या महिन्यात त्याचाच दुसरा हप्ता आहे. गाडीसाठी पर्सनल लोन घ्यावं का?’

नको. 70 हजारांचं लोन 14 टक्क्यांनी तीन वर्षं फेडलंत तर 86 हजार जातील, तेही सव्वा लाखाच्या गाडीवर. रंग लावून किंमत वाढत नाही, फार तर गिऱ्हाईक लवकर मिळतं. आणि इन्शुरन्सचं नावही काढू नका. गंज विम्यात बसत नाही. तो ‘बसवायचा’ म्हणजे खोटा अपघात दाखवायचा आणि सही तुमची असणार.

आता तुम्ही जे विचारलं नाहीत त्याकडे येतो.

एफडीला दुसरा हप्ता नसतो, काका. तुम्ही विमा पॉलिसी घेतली आहे. सोबत पाठवलेल्या कागदावर स्पष्ट लिहिलंय: 12 वर्षं दरवर्षी दीड लाख भरा, मग 69 ते 80 या वयात दरवर्षी 3 लाख घ्या. मॅडमनी याला ‘दामदुप्पट’ म्हटलं असेल. आहेच. फक्त प्रत्येक हप्ता दुप्पट व्हायला 13 वर्षं लागतात. दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी 72 ला भागलं की साधारण व्याजदर कळतो. 72 ला 13 ने भागा, साडेपाच टक्के. जी मोडली ती एफडी किती टक्क्यांची होती, हे पावती काढून बघाच. शिवाय पुढच्या मार्चनंतर पगार बंद आणि हप्ते मात्र वयाच्या 67 पर्यंत चालू. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाला हे विकणाऱ्याला काय म्हणावं, ते छापता येणार नाही.

पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत परत करता आली असती. ती मुदत कधीच गेली. मात्र ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांनुसार अशा पारंपरिक पॉलिसीत एक हप्ता भरून पहिलं वर्ष पूर्ण झालं की सरेंडर केल्यावर, म्हणजे मुदतीआधी पॉलिसी बंद केल्यावर, काही रक्कम मिळते. ‘वर्ष पूर्ण झालं की’ हे शब्द महत्त्वाचे, घाईने आजच अर्ज देऊ नका. नेमका आकडा कंपनीकडून लेखी मागवा. मी निम्मे धरतो, म्हणजे 75 हजार बुडाले.

बोचेल, कबूल. पण उरलेले 11 हप्ते भरलेत तर काय होतं? तेच दीड लाख पीपीएफमध्ये टाकले आणि आजचा 7.1 टक्के दर टिकला, तर 13 वर्षांत 3 लाखांऐवजी 3.66 लाख होतात. हप्त्यामागे 66 हजारांचा फरक, 11 हप्त्यांचे सात लाखांवर. 75 हजार वाचवायला सात लाख घालवायचे का?

म्हणून आज बँकेत जाऊन त्या हप्त्याचा ऑटो-डेबिट बंद करा. नाहीतर आपण इथे हिशेब करत बसू आणि पैसे खात्यातून निघून जातील. मग ‘एफडी सांगून विकली’ अशी लेखी तक्रार बँकेला आणि विमा कंपनीला द्या, सगळा हप्ता परत मागा. मॅडमचे व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा. कंपनी म्हणेल, व्हेरिफिकेशनच्या फोनवर तुम्ही ‘हो’ म्हणालात. सगळेच ‘हो’ म्हणतात, विकणाऱ्याने तसंच पढवलेलं असतं. महिनाभरात नीट उत्तर आलं नाही तर विमा लोकपालांकडे जा. त्यांचं कार्यालय नारायण पेठेतच आहे, फी नाही, वकील लागत नाही. तिथेही जमलं नाही तरच सरेंडर.

निवृत्तीचे पैसे आले की तीन महिन्यांच्या आत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत खातं उघडता येतं, 60 पूर्ण नसले तरी. 8.2 टक्के धरले तर 18 लाखांवर (12 हप्त्यांची बेरीज तेवढीच) वर्षाला जवळपास 1 लाख 48 हजार, दर तिमाहीला खात्यात. त्यावर कर लागेल, पण 69 व्या वर्षापर्यंत थांबावं लागणार नाही आणि मुद्दल शाबूत. नोकरीबरोबर कंपनीचा मेडिक्लेमही जाणार आहे. त्याबद्दल पत्रात चकार शब्द नाही, तो आत्ताच बघा.

राहिली गाडी. दाराच्या कडेला रंगाखाली फुगे आले असतील तर पत्रा आतून खाल्ला गेलाय. कारण बहुतेक वेळा साधं असतं: दाराच्या तळाशी पाणी जायला बारीक भोकं असतात, ती मातीने बुजतात आणि पावसाचं पाणी आतच राहतं. तेवढा पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करून घ्या, मग प्रायमर आणि फक्त त्या भागाला रंग. गंजावरच पुट्टी भरू देऊ नका, ती ओल धरते आणि एक-दोन पावसाळ्यांत फुगे परत येतात. गंजावर मारलेल्या कोटिंगचंही तेच, ओल आत कोंडते. ‘लाइफटाइम’ कोणाचं, ते गॅरेजवाल्यालाच विचारा. नुसता वरवरचा गंज असेल तिथे वायर ब्रश, पॉलिश पेपर आणि नाना पेठेत मिळणारं रस्ट कन्व्हर्टर पुरे. त्यातल्या आम्लाने गंजाचा काळा, टिकाऊ थर होतो, त्यावर प्रायमर लावायचा. कोकणात जाऊन आलात की गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा, खारी हवा गंजाला खतपाणी घालते.

हे सगळं 15 हजारांत बसायला हवं. पण त्याआधी गाडी रॅम्पवर चढवून रनिंग बोर्ड (दारांखालचा पत्रा) आणि डिकीतली स्टेपनीची जागा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघायला सांगा. 2027 मध्ये आरसीची 15 वर्षं संपतात. नूतनीकरणाची फी 5 हजार, पर्यावरण कर वेगळा, आणि गाडी तपासणीला न्यावी लागते. स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला तर 15 हजारही घालू नका, आहे त्या अवस्थेत विकून टाका.