दूरदर्शनवर सर्कशीतल्या माणसांची मालिका लागत असे, ती कोणती?

आपण विचारता ती मालिका म्हणजे अझीझ मिर्झा आणि कुंदन शाह यांनी दिग्दर्शित केलेली, 1989-90 मध्ये दूरदर्शनवर दाखवली गेलेली हिंदी ‘सर्कस’. वडिलांची सर्कस सांभाळण्याची जबाबदारी अंगावर पडलेल्या शेखरनची भूमिका शाहरुख खानने केली होती, आणि रेणुका शहाणे व आशुतोष गोवारीकर हे मराठी चेहरेही तीत होते. ती खास मुलांसाठी नव्हती. तरीही नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात ती लागली की सगळी पोरे एकाच टीव्हीसमोर दाटीवाटीने बसत. मला झोक्यावरच्या कसरतींपेक्षा खेळ संपल्यावरचे तंबूतले जग अधिक आठवते: कलाकारांचे रुसवेफुगवे, पैशांची ओढाताण आणि पुढच्या गावाला निघण्याची लगबग. विष्णुपंत छत्रे यांनी 1880 च्या सुमारास भारतीय सर्कशीचा पाया घातला, हे पुढे वाचनात आले तेव्हा त्या मालिकेबद्दलची माझी माया आणखी वाढली. 2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ती पुन्हा दाखवली, तेव्हा मी ती माझ्या मुलीला शेजारी बसवून पाहिली.