रंगवलेल्या विटांच्या फायरप्लेसवर स्वतः टाइल्स लावता येतील का?

तुमचं न्यू जर्सीतलं घर १९६२ सालचं आहे. लाकूड जाळायची विटांची फायरप्लेस आहे आणि आधीच्या मालकाने तिला पांढरा रंग दिलाय. टाइल्स लावता येतील, पण थेट रंगावर नाही. थिनसेट (टाइल चिकटवायचा सिमेंटचा मसाला) विटेच्या छिद्रांत शिरून पकड घेतो. मध्ये रंग असला की तो रंगालाच चिकटतो, आणि उष्णतेने रंगाचा पापुद्रा सुटला की टाइल त्याच्यासकट खाली येते.

रंग खरवडायला मात्र लगेच बसू नका. १९७८ पूर्वीच्या घरांतल्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून आधी चाचणी करा. शिसं निघालं तर कोरडं घासणं आणि ग्राइंडर चालवणं पूर्ण वर्ज्य, घरात लहान मूल असेल तर विशेषच. माझ्या मते रंग तसाच ठेवून वर पाव इंची सिमेंट बोर्ड स्क्रूने पक्कं करणं बरं. भोकं पाडतानाही जागा ओली ठेवा आणि धूळ हेपा (अगदी बारीक कणही अडवणाऱ्या) फिल्टरच्या व्हॅक्यूमने ओढून घ्या.

बोर्डाच्या मागे थिनसेटचा थर द्या. तो फक्त विटांमधल्या खाचा भरायला. भार स्क्रूच घेतात. स्क्रू विटकामाचे, ३/१६ इंच जाडीचे आणि पावणेदोन इंच लांबीचे घ्या. हॅमर ड्रिलने ५/३२ इंची भोक पाडा, साधारण दर ८ इंचांवर एक. भोक विटेत घ्या, कारण जुन्या सांध्यातला मसाला भुसभुशीत असतो. स्क्रू फार आवळला तर वीट आतून चुरते आणि तो नुसता फिरत राहतो. मग ते भोक सोडून दोन इंच बाजूला नवं पाडायचं. ड्रायवॉल किंवा प्लायवुड इथे चालणार नाही. दोन्ही जळतात किंवा उष्णतेने खराब होतात.

मापाचं उदाहरण: दर्शनी भाग ५ फूट रुंद, ४ फूट उंच म्हणजे २० चौरस फूट. फायरप्लेसचं तोंड, म्हणजे आग पेटवायची मोकळी जागा, ३६ बाय ३० इंच, म्हणजे साडेसात चौरस फूट वजा. राहिले साडेबारा. कापण्यात जाणाऱ्या तुकड्यांसाठी थोडं जास्त धरून १५ चौरस फूट टाइल घ्या. थिनसेटची ५० पौंडी एक पिशवी पुरते. डब्यात तयार मिळणारं मॅस्टिक (टाइलचा गोंद) घेऊ नका, ते उष्णतेत मऊ पडतं.

तोंडाच्या वरची ओळ सगळ्यात जास्त फसते. खाली आधार नसतो आणि ओली टाइल हळूहळू घसरते. म्हणून तोंडाच्या वरच्या कडेला लेव्हल लावून एक सरळ फळी तात्पुरती ठोका, तिच्यावर पहिली ओळ बसवा आणि २४ तास हात लावू नका. १२ बाय २४ इंचांच्या टाइल्सना अर्धा इंची खाचांचा थापा लागतो, शिवाय टाइलच्या पाठीवरही पातळ थर द्यायचा. विटांना पेलणारी लोखंडी पट्टी तापून वाढते. टाइल तिला टेकवू नका, ३ मिलिमीटर फट सोडून उष्णता सोसणारं सिलिकॉन भरा. भिंत आणि हार्थ (फायरप्लेससमोरची फरशी) मिळतात त्या कोपऱ्यातही ग्राउट (टाइलांमधल्या फटी भरायचा मसाला) नको, सिलिकॉनच. ग्राउट तिथे पहिल्याच हिवाळ्यात चिरतं.

लाकडी मँटल (तोंडावरची शेल्फसारखी फळी) बसवण्याआधी अंतर मोजा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी चालणाऱ्या निवासी कोडप्रमाणे तोंडापासून ६ इंचांत कोणतंही लाकूड नको. ६ ते १२ इंचांच्या पट्ट्यात दर इंचामागे १/८ इंचच पुढे यायची मुभा आहे, म्हणजे ८ इंचांवर फक्त १ इंच. जाड मँटल हवं असेल तर १२ इंचांच्या वर घ्या. तुमच्या फायरप्लेसचं तोंड ६ चौरस फुटांपेक्षा मोठं असेल तर पुढे २० इंच आणि दोन्ही बाजूंना १२ इंच न जळणारी हार्थ असावी लागते. गावाच्या बांधकाम खात्यात एकदा विचारून घ्या.

आतल्या अग्निविटांचे सांधे साध्या सिमेंटने भरू नका, रिफ्रॅक्टरी (प्रखर उष्णता सोसणारा) मसालाच वापरा. आणि टाइल्सच्या आधी चिमणी तपासून घ्या. धुराड्यात साचलेलं क्रिओसोट (लाकडाच्या धुराचा डांबरासारखा थर) पेट घेतं.

काम झाल्यावर निदान दोन आठवडे आग पेटवू नका, मग पहिले दोन-तीन जाळ लहान ठेवा. ओल वेगाने वाफ होऊन निघाली तर सांधे तडकतात.