दम परत आला, हाडाला अजून वेळ द्या

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी शहाद्याची, वय ३६, शाळेत शिकवते. पहाटे प्रकाशा रोडने धावायची सवय आहे. जूनमध्ये उजव्या नडगीत दुखायला लागलं. एमआरआय केला, तर हाडाला बारीक तडा निघाला, डॉक्टरांच्या भाषेत स्ट्रेस फ्रॅक्चर. आठ आठवडे धावणं बंद. कानबाईच्या सणाला रोट करायला दिवसभर चुलीपुढे उभी होते तरी पाय दुखला नाही, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. मग डॉक्टरांनी हळूहळू धावायला सांगितलं. आता ऑक्टोबर चाललाय, दहा किलोमीटर सहज होतात, दम अगदी पूर्वीसारखा आलाय. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला अर्ध्या मॅरेथॉनसाठी नाव दिलंय. माझी जुनी वेळ दोन तास आठ मिनिटं, ती यंदा दोन तासांच्या आत आणायची आहे. मिस्टर म्हणतात, दुखलं तर एक गोळी घे आणि पळ. सासूबाई म्हणतात, पुन्हा पाय मोडून घेऊ नको. सोमवार आणि चतुर्थीचे माझे उपवास असतात, त्याने काही फरक पडतो का? आणि पाय जरा जरी ठणकला तरी पोटात गोळा येतो, त्याचं काय करू?

उत्तर : ताई, शर्यतीला जरूर जा. दोन तासांचा हट्ट मात्र या जानेवारीपुरता सोडा.

‘दम अगदी पूर्वीसारखा आलाय’ हे वाचून मला आनंद झाला आणि काळजीही वाटली. सुट्टीनंतर दम काही आठवड्यांत परत येतो. हाडाचं काम सावकाश चालतं. पायावर नेहमीपेक्षा जास्त भार पडायला लागला की शरीर आधी तिथलं जुनं हाड झिजवून काढतं आणि मग त्या जागी नवं भरतं. काढण्याचं काम तीन-चार आठवड्यांत उरकतं, भरून पक्कं व्हायला तीन-चार महिने जातात. जुनी भिंत पाडून नवी बांधताना मधले काही दिवस छप्पर टेकूवर असतं ना, तसे हे महिने. धुळ्यात मैदानावर मुलींना शिकवताना मी हे फार जवळून पाहिलं आहे. पुन्हा तडा जायचा तो बहुतेक अशाच वेळी, मुलगी फॉर्मात आल्यासारखी वाटायला लागली की. म्हणून तुमचा वेग यंदा नडगीने ठरवू द्या, फुप्फुसांनी नको.

तिची विचारपूस रोज सकाळी करायची. पलंगावरून उतरण्याआधी उजवा पाय समोर घ्या आणि अंगठ्याने नडगीची आतली कड गुडघ्याखालून घोट्यापर्यंत सावकाश दाबत या. पोटरीकडच्या बाजूला वीतभर पट्टा हुळहुळा लागला तर तो बहुतेक स्नायूंचा ताण असतो; एक-दोन दिवस कमी धावून बघा. पण बोटाच्या पेराएवढ्या एकाच जागी, थेट हाडावर, ‘आई गं’ निघालं तर त्या दिवशी बूट घालायचे नाहीत आणि डॉक्टरांना फोन करायचा. दाबून काही दुखलं नाही, तर मग उभं राहून ओट्याच्या कडेला हात टेकवून उजव्या पायावर दहा हलक्या उड्या मारा. त्याच जागी कळ आली तर तोच नियम. रात्री झोपेत ठणका लागला तरी तोच. बाकी पोटरी भरून येणं, मांड्या जड वाटणं, घोटा सकाळी आखडणं, हे धावणाऱ्या माणसाला होतंच. पोटात गोळा येतो म्हणता, तो याच तपासणीने कमी होईल. नुसतं ‘घाबरू नका’ म्हणून भीती जात नाही. कुठे दाबायचं आणि काय दिसलं की थांबायचं, हे हाताला माहीत असलं की ती आटोक्यात राहते.

सरावाचं म्हणाल, तर आठवड्यात तीनच दिवस धावा, दोन दिवस लागोपाठ नकोत. मधल्या दिवशी सायकल, पोहायची सोय असेल तर पोहणं, आणि पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करणं. हा शेवटचा व्यायाम आधी दोन्ही पायांवर, मग एकेका पायावर. पोटरी मजबूत असली की नडगीवरचा ताण तीच बराचसा पेलते. लांब पल्ला दर आठवड्याला एखादाच किलोमीटर वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करा. डिसेंबरअखेर सोळा-सतरा किलोमीटर झाले तरी अर्ध्या मॅरेथॉनचे २१ निभतात, शेवटचे चार गर्दीच ओढून नेते. शर्यतीआधीचे दोन आठवडे धावणं निम्म्यावर आणा. ज्या आठवड्यात अंतर वाढवाल त्यात वेग वाढवायचा नाही. आणि पावलं छोटी टाका, थोडी भराभर. लांब ढांग टाकली की टाच शरीराच्या फार पुढे आपटते आणि तो दणका सरळ नडगीत जातो.

तुमच्या रस्त्याबद्दल मला विशेष सांगायचंय. डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून आपण उजव्या कडेने धावतो, ते बरोबरच आहे, पण त्यामुळे एक पाय रोज खालच्या पातळीवर पडतो. साइड पट्टी सपाट असेल तिथे तिच्यावर धावा, आठवड्यातला एक दिवस शाळेच्या मैदानावर काढा. शेतातली गाडवाट मऊ असते म्हणून तिकडे वळू नका. काळ्या मातीला दिवाळीनंतर भेगा पडायला लागतात आणि चाकोरीत घोटा मुरगळतो. आता कारखान्याचा गाळप हंगाम सुरू होईल, पहाटे अंधारात उसाचे डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर बिनदिव्याचे येतात. उजाडल्याशिवाय त्या रस्त्याला जाऊ नका. गेलातच तर अंगात चमकणारं जाकीट हवं. आणि तोरणमाळचा घाट यंदा नको. चढ एकवेळ चालेल, पण उतारावर प्रत्येक पावलाला नडगीवर ब्रेक लागतो.

मुंबईतही हेच ध्यानात ठेवा. पेडर रोडच्या चढाला सगळेच घाबरतात, तुम्ही त्याच्या पलीकडच्या उताराला जपा. तिथे वेळ भरून काढायचा मोह होतो. आपल्याकडे जानेवारीत पहाटे हुडहुडी भरते आणि हवा कोरडी, घाम आला तरी लगेच उडतो. मुंबईच्या दमट हवेत तो अंगावरच राहतो, म्हणून त्याच वेगाला तिथे जास्त धाप लागते. पाणी तहानेप्रमाणे प्या. प्रत्येक टेबलावर पोटभर पाणी पिऊन रक्तातलं मीठ उतरतं, तेही धोक्याचंच. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, शर्यतीच्या दिवशी मिळत नाही, आधी जाऊन घ्यावा लागतो, म्हणजे शुक्रवारीच पोचलेलं बरं. नंदुरबारहून रात्रभर गाडीत पाय लोंबकळत बसून जाऊ नका, बर्थ घ्या. आदल्या संध्याकाळी शेवभाजी, ठेचा, वांग्याचं भरीत यातलं काही नको. मऊ खिचडी, दही, आणि सकाळी निघताना एक केळं.

आता गोळी. मिस्टरांना माझा निरोप द्या की गोळीने हाड भरत नाही, फक्त हाडाची तक्रार ऐकू येत नाही. शिवाय लांब धावताना शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं, त्यात या गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात. पोटाचं काय होतं त्याला तर जगासमोरचं उदाहरण आहे. ब्रिटनची पौला रॅडक्लिफ २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला गेली तेव्हा मॅरेथॉनचा विश्वविक्रम तिच्याच नावावर होता. शर्यतीच्या दोन आठवडे आधी पायाला दुखापत झाली, तिने सूज उतरवायच्या गोळ्या घेतल्या, त्यांनी पोट बिघडलं, खाल्लेलं अंगी लागेना. ३६ किलोमीटरच्या आसपास ती थांबली आणि रस्त्याच्या कडेला बसून रडली. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. थांबली म्हणून तिचं काही कमी झालं नाही. तुम्हीही आधीच ठरवून जा : पाऊल लंगडं पडायला लागलं की जवळच्या वैद्यकीय तंबूत जायचं, मग अंतिम रेषा दोन किलोमीटरवर का असेना.

उपवासाचं तुम्ही सहज म्हणून विचारलंत, मला मात्र तुमच्या दुखापतीत त्याचा वाटा वाटतो. श्रद्धेला हात लावायचा नाही मला. पण सकाळी दहा किलोमीटर धावून दिवसभर साबुदाणा आणि चहावर राहिलात, तर हाड बांधायला शरीराकडे उरतं काय? उपवासाच्या दिवशी धावू नका, किंवा दूध, दही, राजगिरा, शेंगदाणे पोटभर घ्या. एरवी दादरच्या (म्हणजे आपल्याकडच्या ज्वारीच्या) भाकरीबरोबर तिळाची चटणी आणि डाळ रोज असू द्या. ‘ड’ जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करा. आणि धावणं वाढल्यापासून पाळी लांबली किंवा चुकली असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. कमी खाऊन जास्त धावणाऱ्या बायकांची हाडं अशीच ठिसूळ होतात, आणि लाजेपायी हे कुणी बोलत नाही.

सासूबाईंना पायाची काळजी आहे, ती खरी आहे. सकाळची तपासणी त्यांच्यासमोर करत जा.

प्रश्न : मी साक्रीचा, वय २१. पोलीस भरतीची तयारी करतोय. १६०० मीटर पळताना नडगी दुखते. एक्स-रे साफ आला. भरती कधीही लागेल. पळू का?

उत्तर : बाळा, तडा नवा असेल तर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे तो एक्स-रेत बहुतेक दिसत नाही. वर सांगितलं तसं अंगठ्याने दाबून बघ. एकाच जागी हाड दुखत असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन एमआरआयचं विचार. तोवर पळणं बंद, सायकल आणि गोळाफेकीचा सराव चालू ठेव. रोज सकाळी डांबरी रस्त्यावर जीव खाऊन १६०० मीटर मारायची तुम्हा मुलांची पद्धत आहे, ती सोड. बरा झालास की आठवड्यात दोनदाच जोरात, तेही मातीच्या ट्रॅकवर. बूट झिजले असतील तर घरी सांगून नवे घे, संकोच करू नकोस.