रोबोट शिकायचाय ना, मग आधी वायर धर

काय मर्दा, मेसेज वाचला तुझा. पुण्याला जाऊन रोबोट प्रोग्रामिंगचा कोर्स लावतोय म्हणतोस, लाव की, पण फी भरायच्या आधी जरा ऐक. आपल्या कुपवाड एमआयडीसीत काय नि चाकणला काय, प्रोग्राम एकदा बसला की त्याला सहसा कोण हात लावत नाही, लाइन थांबते ती भलत्याच कारणानं. ग्रिपरला, म्हणजे रोबोटच्या पकडणाऱ्या पंजाला, एअर कमी, नाहीतर सेन्सरच्या तोंडावर धातूची चिप चिकटलेली, नाहीतर जॉबच, म्हणजे काम चाललेला पार्टच, त्याला धरणाऱ्या फिक्स्चरमध्ये तिरका बसलेला, आणि शिव्या सगळ्या रोबोटला.

त्यात सगळ्यात छळणारा फॉल्ट केबलचा. रोबोटचा हात एका ठरावीक पोझिशनला गेला की सिग्नल जातो, परत आला की सगळं ओके, आणि मल्टिमीटर लावलास तर कंटिन्युइटी, म्हणजे वायर अखंड आहे असंच, बरोबर दाखवणार कारण तू मोजतोयस तेव्हा वायर वाकलेलीच नाही. मग काय करायचं, पेंडंटवर, म्हणजे रोबोट चालवायच्या हातातल्या पॅनलवर, इनपुट सिग्नलचं पान उघडायचं, मनगटाचा अ‍ॅक्सिस सावकाश जॉग करायचा, म्हणजे बटण दाबून थोडा थोडा हलवायचा, आणि इनपुट नेमका कुठं लुकलुकतोय ते बघायचं. वायर बहुतेक त्याच वळणात आतून तुटलेली असते, वरचं इन्सुलेशन मात्र नव्यासारखं. तू आयटीआयला इलेक्ट्रिशियन केलायस ना, ते वाया गेलं म्हणून रडतोस, अरे इथं तेच कामाला येतं. 24 व्होल्टच्या वायरिंगचं ड्रॉइंग वाचता येणारं पोरगं शोधून सापडत नाही.

बॅटरीचं पण ध्यानात ठेव. बऱ्याच रोबोटांत एन्कोडरची, म्हणजे सांधा किती फिरलाय ते मोजणाऱ्या सेन्सरची, पोझिशन बॅटरीवर टिकते, अशात कंट्रोलर चालू ठेवून, इमर्जन्सी स्टॉपचं बटण दाबूनच ती बदलायची. पॉवर बंद करून काढलीस तर झिरो पोझिशन गेली, बस मग मास्टरिंग करत, म्हणजे ती झिरो परत बसवत. मॅन्युअल बघूनच कर, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं.

आणि टीच मोडला, म्हणजे पेंडंटनं रोबोटला शिकवताना, स्पीड सेकंदाला 250 मिमीच्या वर जात नाही म्हणून निवांत राहू नको. पेंडंटमागचा डेडमॅन स्विच मधोमध धरला तरच रोबोट हलतो, सोडला तरी थांबतो, घाबरून गच्च आवळला तरी थांबतो, कारण दचकल्यावर माणूस यातलं काहीतरी एक करतोच. काही महाभाग त्याला टेप गुंडाळून ठेवतात. असल्याच्या हाताखाली शिकू नको, पगार कितीबी देऊ दे.

कोर्सवाल्यांना आधी विचार, खरा रोबोट हातात देतात का नुसतं कॉम्प्युटरवर सिम्युलेशन, आणि एका रोबोटमागं किती पोरं. काय म्हणतात ते कळव, मग फीचं बघू.