विभागात मेंटर मिळेना, काय करू?

प्रश्न: सर, नमस्कार. पुण्यात पीएचडी करून गेल्या वर्षी मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात केमिस्ट्रीची सहायक प्राध्यापक म्हणून जॉइन झाले. लेक्चर, प्रॅक्टिकल, नॅकच्या (संस्थांना श्रेणी देणाऱ्या यंत्रणेच्या) फायली, परीक्षेच्या ड्युट्या, यात संशोधन जवळजवळ बंदच पडलंय. कागदावर मला मेंटर आहेत, म्हणजे आमचे विभागप्रमुखच, पण त्यांचं म्हणणं एकच की विभागातून जाणाऱ्या प्रत्येक पेपरवर त्यांचं नाव पाहिजे. जुने गाइड आनंदाने मदत करतात पण मग काम त्यांच्याच विषयाचं होतं. कुणाला धरू?

उत्तर: मॅडम, मेंटर आणि साहेब ही दोन माणसं आधी डोक्यात वेगळी करा. जो तुमचा गोपनीय अहवाल लिहितो त्याच्यासमोर बसून "सर, माझी रिअ‍ॅक्शन चार महिने झाले चालत नाहीये" असं कोण मोकळेपणाने सांगणार? विद्यापीठं मेंटरची यादी करताना हमखास विभागप्रमुखाचं नाव टाकून मोकळी होतात, कारण नॅकला एक कागद दाखवता येतो, बाकी काही नाही. पण म्हणून त्यांच्याशी वाकडं घेऊ नका. टाइमटेबल त्यांच्या हातात, लॅबमधली जागा त्यांच्या हातात, प्रपोजल फॉरवर्ड करायची सही त्यांचीच. त्यांच्याकडे एकच मागणी करा, माझी प्रॅक्टिकल्स एकत्र लावा आणि आठवड्यातला एक आख्खा दिवस मोकळा द्या. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं, तुमचे किती भरतात ते कागदावर मांडून मग बोला, आवाज न चढवता.

आता नावाचं. त्याच नियमांत नेमणूक-बढतीसाठी जो गुणतक्ता आहे त्यात सायन्सच्या पेपरला ८ गुण आहेत, दोन लेखक असले तर दोघांना प्रत्येकी ७० टक्के, आणि दोनपेक्षा जास्त असले तर पहिल्या किंवा कॉरस्पॉन्डिंग (जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या) लेखकाला ७० टक्के, बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. म्हणजे खरं सांगायचं तर आधीच तुम्ही आणि एक विद्यार्थी असे दोन लेखक असाल आणि पहिलं नाव तुमचं असेल तर तिसरं नाव घुसलं म्हणून तुमचे गुण काही कमी होत नाहीत. प्रश्न गुणांचा नाहीच, काम न करता नाव लावायचं का हा आहे, आणि ते लावू नये हे माझं मत. पण तोंडावर नाही म्हणण्यापेक्षा त्यांना काम द्या: ड्राफ्ट पाठवा, स्पेक्ट्रा तपासायला द्या, रिव्ह्यूअरच्या (जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाच्या) शेऱ्यांना उत्तर लिहायला बसवा. त्यांनी मनापासून केलं तर नाव रास्तच आहे की. नाही केलं तर आभारात उल्लेख. आणि लेखकांचा क्रम काम सुरू करतानाच ईमेलवर ठरवून टाका, पेपर तयार झाल्यावर हा विषय काढला की भांडणच होतं.

गाइडचं थोडं नाजूक आहे. ग्रँटच्या कमिटीत बसलेली माणसं तरुण अर्जदाराच्या बाबतीत हटकून बघतात की यात तुमचं काय आणि गाइडचं काय, त्यामुळे गाइडच्या नावाशिवायचा एक तरी पेपर लवकर यायला हवा. सरळ त्यांना भेटा आणि विचारा, सर, थिसिसमधला कुठला धागा मी माझा म्हणून पुढे नेऊ, जो तुम्ही नव्या विद्यार्थ्याला देणार नाही? चांगले गाइड हे सोडून देतात. काही जण नाही सोडत, मग विषयच जरा बाजूला सरकवावा लागतो.

आणि बाहेर बघा हो! टेअर नावाची शिक्षकांसाठीची संशोधन योजना आहे, आधी एसईआरबी या केंद्राच्या संशोधन-निधी मंडळाची होती, आता ते मंडळच एएनआरएफ या नव्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत गेलंय. राज्य विद्यापीठातल्या आणि कॉलेजातल्या कायम शिक्षकांसाठी आहे ती. आयआयटी, आयसर, राष्ट्रीय प्रयोगशाळा अशा ठिकाणच्या शास्त्रज्ञाबरोबर वर्षाला ९० दिवसांपर्यंत काम करायचं, तीन वर्षं, वर्षाला ५ लाख संशोधनासाठी, तुमची संस्था आणि त्यांची संस्था यात अर्धे अर्धे, वर तुम्हाला वर्षाला ६० हजार फेलोशिप. पुण्यातच पीएचडी केलीय म्हणजे तिथली माणसं ओळखीची आहेत, उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी त्यात बसवता येते, आणि मुख्य म्हणजे हा मेंटर तुमच्या प्रमोशनच्या फाइलवर कुठेच नसतो. फक्त जुन्या गाइडकडेच परत जाऊ नका, दुसरा कुणी शोधा. मोठं स्वप्न बघायचं असेल तर एएनआरएफचीच पीएम अर्ली करिअर रिसर्च ग्रँट आहे, तीन वर्षांत ६० लाखांपर्यंत. एनएमआरसारखं (रेणूची रचना ओळखणारं) महागडं मशीन विभागात नाही म्हणून अडून बसू नका, आयआयटी मुंबईच्या सैफला, म्हणजे बाहेरच्यांनाही वापरता येणाऱ्या उपकरण केंद्राला, सँपल पाठवता येतं.

अनोळखी माणसाला "माझे मेंटर व्हाल का" असा मेल टाकलात तर उत्तर येणं कठीण. एक पानाची कल्पना आणि त्यावर एकच नेमका प्रश्न पाठवा, येतं. तुमच्यापेक्षा पाच-सहा वर्षं पुढे असलेल्या आणि ग्रँट मिळालेल्या एखाद्या मॅडमकडे त्यांचं मंजूर झालेलं प्रपोजल वाचायला मागा, दहा कार्यशाळांचं काम एका वाचनात होतं.

प्रश्न: मी प्राध्यापक आहे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. विद्यापीठाने पाच नव्या शिक्षकांचं मेंटरपद माझ्याकडे दिलंय. खरंच उपयोग व्हावा असं वाटतं, पण दर महिन्याच्या मीटिंगला सगळे गप्प बसतात.

उत्तर: सर, ती मीटिंग बंद करा. पाच जणांसमोर कुणीच आपली अडचण बोलत नाही, एकेकाला चहाला बोलवा. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांप्रमाणे निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली की नवा पीएचडी विद्यार्थी घेता येत नाही, त्यामुळे तुम्हाला या मुलांकडून ना विद्यार्थी हवेत ना पेपर, आणि हीच तुमची ताकद. त्याच नियमांत कायम सहायक प्राध्यापक पीएचडी असेल आणि पिअर रिव्ह्यूड (तज्ज्ञांकडून तपासून छापणाऱ्या) जर्नलमध्ये तीन पेपर असतील तर गाइड होऊ शकतो, चार विद्यार्थ्यांपर्यंत. उत्साहात पहिल्याच वर्षी चारही जागा भरणाऱ्याला तुम्हीच थांबवा, आधी एकच घे म्हणावं. आणि कमिट्यांमधून त्यांची नावं काढायला कुलसचिवांकडे तुम्ही जा, नव्या पोराने गेलं तर कामचुकार ठरतं.

प्रश्न: कोल्हापूर भागातल्या कॉलेजात मराठी शिकवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतात, "तीन दिवसांत पेपर प्रकाशित, यूजीसी केअर लिस्टेड". सीनियर म्हणतात टाकून दे. टाकू का?

उत्तर: नको. केअर यादी म्हणजे यूजीसीने मान्य केलेल्या जर्नलांची यादी, ती बंद झाल्याचं यूजीसीनेच २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं, जर्नल पारखायची जबाबदारी आता संस्थांवर आणि आपल्यावर आहे, तेव्हा आज तो शिक्का मिरवणारा एक तर झोपलाय नाहीतर फसवतोय. आणि तीन दिवसांत कोण वाचणार तुमचा पेपर? जर्नलचे मागचे दोन अंक काढून वाचा, संपादक मंडळातल्या एकाला फोन करून विचारा की तुमचं नाव यात आहे हे तुम्हाला माहीत आहे का. बऱ्याचदा नसतं.