शाळेत अंतराळ विज्ञानाचा प्रत्यक्ष अनुभव कमी खर्चात कसा देता येईल?

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून येणारी चित्रं मुलांनाच पकडू द्या. 'अॅरिस' या स्थानकावरच्या हौशी रेडिओ उपक्रमातून अधूनमधून ठरावीक दिवशी 145.800 मेगाहर्ट्झवर एफएममधून एसएसटीव्ही चित्रं (ध्वनीच्या सुरांत रूपांतरित केलेली स्थिर चित्रं) पाठवली जातात. तारखा आधी जाहीर होतात. (अंतराळवीरांशी थेट रेडिओ संवादासाठी शाळांना याच उपक्रमाकडे अर्ज करता येतो, पण त्याची तयारी दीर्घ असते.)

लागतं काय? आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर), लॅपटॉप, त्यावर सुरांचं चित्र बनवणारं डिकोडर सॉफ्टवेअर आणि साधारण 49 सेंमी लांबीच्या सरळ तारेचा अँटेना. अँटेना उघड्या जागी हवा. वर्गात बसून सहसा नुसती खरखर ऐकू येते. स्थानक डोक्यावरून जातं ते जास्तीत जास्त 10 मिनिटं, आणि पीडी120 पद्धतीच्या एका चित्राला 2 मिनिटं लागतात. म्हणून वेळ आधी ट्रॅकिंग अॅपवर पाहून ठेवा.

नेमकं चुकतं ते इथे: स्क्वेल्च (सिग्नल क्षीण असला की आवाज बंद करणारी रिसीव्हरची सोय) चालू राहतो आणि क्षीण सिग्नल कापला जातो. तो पूर्ण उघडा ठेवा. फोनने ध्वनी घेत असाल तर नॉइज सप्रेशन बंद करा, नाहीतर चित्राचे सूरच फोन गोंगाट समजून पुसतो. चित्र तिरकं आलं तर साउंड कार्डचा वेग किंचित वेगळा आहे. डिकोडरमधली स्लँट (तिरकेपणाची) दुरुस्ती वापरा. थेट डिकोड करतानाही मूळ ध्वनीची वेव्ह फाइल जपून ठेवा.

शिक्षकांसाठी खरा खजिना डॉपलर परिणामाचा आहे! स्थानक जवळ येताना वारंवारता सुमारे 3.5 किलोहर्ट्झ जास्त दिसते, दूर जाताना तेवढीच कमी. त्यावरून मुलं स्थानकाच्या वेगाचा अंदाज स्वतः काढू शकतात.